सूचीतले सतरा इब्राहीम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दख्खनच्या इतिहासावरच्या एका मराठी पुस्तकाची नामसूची तुम्ही करताय. ‘इब्राहीम’ या नावाखाली सतरा नोंदी जमल्या आहेत. त्यातला कोण कोणाशी एक आणि कोण वेगळा, हे कसं ठरवायचं? आणि या एका नावाची इतकी नामांकित माणसं खरोखरच होऊन गेली का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. होऊन गेली, आणि सतरा हा आकडा लहान आहे. पहिल्याचं उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी केलेल्या माझ्या पहिल्या मोठ्या सूचीत मी विजापूरचे दोन इब्राहीम आदिलशहा एकाच नोंदीत कोंबले. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. तुमचा हा इब्राहीम १५३४ साली गादीवर बसतो आणि १६२७ साली मरतो, तेव्हा त्र्याण्णव वर्षं राज्य करणारा हा राजा काय खात होता तेही सूचीत द्या, असं त्यात लिहिलं होतं. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आधी नावाविषयी. हे बायबलमधल्या अब्राहामाचं अरबी रूप. कुराणाची चौदावी सुरा याच नावाची, बकरीदची कुर्बानी त्याच्याच आठवणीची, आणि पैगंबरांचा जो मुलगा लहानपणीच वारला त्याचं नावही हेच. त्यामुळे मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत हे नाव न सापडणारा प्रदेश नाही. म्हणून सूचीकाराने नुसत्या ‘इब्राहीम’वर कधीच विसंबू नये. त्याच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचायचं. बाप कोण, गाव कोणतं, पदवी कोणती, आणि कागदावरची तारीख. नाव सगळ्यात शेवटी.

तुमच्या पुस्तकात गर्दी होणार ती सोळाव्या शतकात, कारण तेव्हा दख्खनच्या चार दरबारांत मिळून पाच इब्राहीम गादीवर बसले. विजापूरला पहिला इब्राहीम आदिलशहा (१५३४ ते १५५८). याने इराणी सरदारांचा जोर कमी करून दख्खनींना पुढे आणलं आणि महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले, त्यामुळे कचेऱ्यांमधून ब्राह्मण कारकुनांचा शिरकाव वाढला. गोव्याचे साष्टी आणि बारदेस हे प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेले तेही याच्याच काळात. पोर्तुगीज साधनं मात्र त्याला इब्राहीम म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी विजापूरचा जो कोणी गादीवर असेल तो ‘इदालकांव’, म्हणजे आदिलखान. तुमच्या लेखकाने पोर्तुगीज साधनांवरून लिहिलेली प्रकरणं असतील, तर तिथे एक इब्राहीम नावाशिवाय लपून बसलेला असणार. तो शोधून नोंदीत घ्या.

दुसरा इब्राहीम आदिलशहा (१५८० ते १६२७) हा पहिल्याचा नातू. मधला अली आदिलशहा निपुत्रिक, म्हणून भावाच्या मुलाला गादी मिळाली. आजोबाचं नाव नातवाला, हा रिवाज आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. राजवंशांच्या सूचीत त्याचा उपयोग असा की एका नावाचे दोन राजे लागोपाठ सहसा येत नाहीत, एक पिढी सोडून येतात. विजापूरला इब्राहीम, अली, इब्राहीम, महंमद, अली असा क्रम लागतो. मधली पिढी नजरेतून निसटली की माझ्यासारखं पोस्टकार्ड येतं.

हा दुसरा इब्राहीम म्हणजे या सगळ्या नामसख्यांमधला माझा लाडका. नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आला, चुलती चांदबिबीने कारभार पाहिला. पुढे गाण्याबजावण्यात असा रमला की त्याच्या गीतसंग्रहाच्या आरंभी सरस्वतीची स्तुती येते. आपल्या तंबोऱ्याला त्याने ‘मोतीखान’ असं नाव दिलं होतं. नवरसांवरून नौरसपूर हे शहर वसवलं आणि स्वतःला ‘जगद्गुरू’ म्हणवून घेतलं. त्यामुळे ‘जगद्गुरू’ ही पदवी त्याच्या नोंदीखाली पर्यायी नाव म्हणून द्यावी लागते, नाहीतर वाचक शंकराचार्यांच्या पानावर जातो. अकबराचा वकील असदबेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. त्याच्या नोंदीनुसार सुलतानाला बोलायला फारसीपेक्षा मराठी सोयीची पडत असे. (तंबाखू पहिल्यांदा अकबरासमोर ठेवली तीही याच असदबेगाने, विजापुराहून नेऊन. सूचीत ‘तंबाखू’ अशी नोंद असेल तर हे पान तिथेही घाला.) ‘इब्राहीम रोजा’ ही विजापूरच्या पश्चिमेची देखणी कबर याचीच. गोलघुमट याच्या मुलाचा. ही गल्लत पर्यटकच नव्हे, लेखकही करतात.

तिसरा गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा (१५५० ते १५८०). भावाच्या धाकाने तो सातेक वर्षं विजयनगरला रामरायाच्या आश्रयाला होता, आणि पुढे १५६५ साली त्याच रामरायाविरुद्ध राक्षसतागडीच्या लढाईत उतरला. आश्रयाच्या काळात तेलुगूची गोडी लागली असावी, कारण तेलुगू कवींनी त्याच्यावर रचना केल्या. त्या कवींच्या तोंडी ‘मलिक इब्राहीम’ हे नाव ‘मल्किभराम’ झालं. तुमच्या पुस्तकात ‘मल्किभराम’ कुठे आलं असेल तर वेगळी नोंद करू नका, ‘पाहा: इब्राहीम कुतुबशहा’ असं द्या. आणि इथे एक खास गाठ आहे. या कुतुबशहाची मुलगी मलिका जहान विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीमला दिलेली होती. म्हणजे सासरा इब्राहीम, जावई इब्राहीम. लग्नाच्या वर्णनात ‘इब्राहीम’ आला की कोणता ते वाक्यागणिक तपासावं लागतं.

चौथा अहमदनगरचा इब्राहीम निजामशहा. हा १५९५ साली गादीवर आला, काही महिनेच टिकला, आणि विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. विजापूरच्या गादीवर तेव्हा कोण होतं? दुसरा इब्राहीम. इब्राहीमच्या फौजेने इब्राहीमला मारलं, हे वाक्य कोणत्याही इतिहासात खरंच येऊ शकतं, आणि सूचीकाराला घाम फोडतं. या मृत्यूनंतर अहमदनगरात वारसाचा तंटा पेटला, त्यातल्या एका गटाने मोगलांना बोलावलं आणि चांदबिबीला किल्ला लढवावा लागला. म्हणून या अल्पायुषी निजामशहाला एका ओळीत उडवू नका, पानं कमी असली तरी त्याच्यामागून येणारं प्रकरण मोठं आहे. पाचवा बीदरच्या बरीदशाहीतला, त्याची कबर बीदरला आहे. बहुतेक पुस्तकांत तो एकदाच येतो. त्याच्यावर फार वेळ घालवू नका.

आता खरी युक्ती सांगतो. मराठी कागदांत बहुधा नुसतं ‘इभराईमशाहा’ असतं, पहिला की दुसरा ते कोण लिहिणार? त्या वेळी दुसरा व्हायचाच होता. पण आदिलशाही अमलातल्या कागदावर शुहूर सन असतो, आणि तो अरबी संख्याशब्दांत. या सनाची सुरुवात मृग नक्षत्राच्या सुमाराची, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. आता हिशेब पाहा. पहिल्या इब्राहीमचा काळ शुहूर ९३५ ते ९५८ च्या आसपास, म्हणजे कागदावर ‘तिसा मया’ (नऊशे) आणि त्याआधी ‘सलासीन’, ‘अर्बैन’ किंवा ‘खमसैन’ (तीस, चाळीस, पन्नास). दुसऱ्याचा काळ साधारण ९८० ते १०२७. म्हणजे ‘तिसा मया’च्या आधी ‘समानीन’ किंवा ‘तिसैन’ (ऐंशी, नव्वद) असेल, नाहीतर शेवटी ‘अलफ’ (हजार) असेल. ‘अलफ’ दिसला आणि राजा इभराईम असेल, तर तो दुसराच. तुम्ही पाठवलेल्या महजराच्या, म्हणजे निवाडापत्राच्या, उताऱ्यात ‘सीत अशरीन अलफ’ आहे. सहा, वीस आणि हजार, म्हणजे १०२६, म्हणजे इसवी सन १६२५-२६. दुसरा इब्राहीम, मृत्यूच्या एखाद-दोन वर्षं आधीचा. तारखेचे शब्द न कळल्यामुळे लेखकाने तळटीपेत ‘पहिला’ लिहिलंय ते चूक आहे. त्यांना कळवा, पण जरा सांभाळून. लेखक मंडळी तळटीपांच्या बाबतीत हळवी असतात.

नावाच्या लेखनाविषयी तुम्ही विचारलंय: ‘इब्राहिम’ की ‘इब्राहीम’? अरबीत ‘ही’ दीर्घ आहे, आणि अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ, हा आपला मराठीचा नियमही तेच सांगतो. म्हणून मी शीर्षनोंद ‘इब्राहीम’ करतो. वर्तमानपत्रं ऱ्हस्व लिहितात, त्यांच्याशी भांडत बसण्यात अर्थ नाही, पण एका सूचीत दोन्ही नकोत. जुने लेखनिक मात्र तुमच्या शीर्षनोंदीला विचारत नाहीत. ते इभराम लिहितात, इभराईम लिहितात, इभ्रामखान लिहितात. ब आणि ह जवळ आले की मराठी जीभ त्यांचा भ करते, त्यात काही अडाणीपणा नाही. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांनी बायबलमधल्या नावांना मराठी वळण दिलं ते अशाच हक्काने.

तुमच्या यादीतला ‘इभराम बर्बर’ कोणता, असं तुम्ही प्रश्नचिन्ह टाकून विचारलंय. हा आदिलशाहीतला नव्हे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी जे दहा अंगरक्षक बरोबर घेतले, त्यांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीम होता. ‘बर्बर’ म्हणजे आफ्रिकी वंशाचा, सिद्दी. त्याची नोंद ‘सिद्दी इब्राहीम’ अशी करा आणि कंसात ‘शिवाजी महाराजांचा अंगरक्षक’ असं लिहा. सूचीतला कंस काटकसरीने वापरावा असं मी एरवी सांगतो, पण एकाच नावाची माणसं असली की कंसच उपयोगी पडतो.

पानिपताचीही एक जोडी आहे, आणि ती मराठी वाचकाला चांगलीच माहीत असायला हवी. २१ एप्रिल १५२६ ला पानिपतावर बाबराशी लढताना दिल्लीचा सुलतान इब्राहीम लोदी पडला. १४ जानेवारी १७६१ ला त्याच पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेला रोहिल्यांना तोंड देणारा इब्राहीमखान गारदी जखमी होऊन अब्दालीच्या लोकांच्या हाती लागला आणि मारला गेला. मधल्या १५५६ च्या लढाईत या नावाचं कोणी प्रमुख नव्हतं, पण तिच्या आदल्याच वर्षी इब्राहीमशहा सूर नावाचा एक दावेदार दिल्ली-आग्र्यात राजा म्हणून मिरवून गेला होता! ‘गारदी’ हे आडनाव नव्हे हे लक्षात ठेवा. फ्रेंच पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाला गारदी म्हणत, आणि इब्राहीमखान बुसी या फ्रेंच सेनानीच्या तालमीत तयार झालेला. पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून करणारे सुमेरसिंग वगैरे गारदी होते, त्यामुळे मराठीत हा शब्द बदनाम झाला. इब्राहीमखानाचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नाही, तो बारा वर्षं आधी भाऊसाहेबांसाठी लढून मेला होता. सूचीत ‘गारदी’ अशी एकच नोंद केलीत तर दोघं एका ओळीत बसतील, आणि एका निष्ठावंताला खुन्यांच्या पंगतीला बसवल्याचं पाप आपल्या माथी येईल.

दख्खनबाहेर गेलात की अडचण वेगळ्या जातीची. अरबी नावात माणूस पुष्कळदा स्वतःच्या नावाने ओळखलाच जात नाही. ‘अबू’ लावून मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे, तिला कुन्या म्हणतात. इब्राहीम नावाच्या माणसाची कुन्या बहुधा ‘अबू इसहाक’ असते, खरोखर इसहाक नावाचा मुलगा असो वा नसो, कारण मूळच्या इब्राहीमचा मुलगा इसहाक. म्हणून ‘अबू इसहाक’ दिसला की आधी ‘इब्राहीम’खाली शोधा. अकराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोला अबू इसहाक इब्राहीम अल्-झरकाली नावाचा ज्योतिर्विद होऊन गेला. लॅटिन ग्रंथांनी त्याचा ‘अर्झाखेल’ केला आणि चंद्रावरच्या एका विवराला तेच नाव मिळालं. त्या विवराच्या नावात इब्राहीम कोणाला सापडणार? याउलट बगदादचा गवई इब्राहीम अल्-मौसिली याला खरंच इसहाक नावाचा मुलगा होता आणि तो बापापेक्षाही नावाजला. दोघंही खलिफा हारून अल्-रशीदच्या दरबारातले. त्याच खलिफाच्या घराण्यातला राजपुत्र इब्राहीम इब्न अल्-महदी, म्हणजे हारूनचा सावत्र भाऊ, हाही मोठा गायक, आणि ८१७ ते ८१९ अशी दोन वर्षं तो प्रतिखलिफाही होता. एका दरबारात दोन गायक इब्राहीम, आणि आठशे वर्षांनी विजापूरला तिसरा. या नावात सूर आहे म्हणायला मला फार मोह होतो, पण सूचीत मोहाला जागा नाही.

तुर्कांकडे घोटाळा पदवीचा. ‘इब्राहीम पाशा’ म्हटलं की निदान तीन उभे राहतात. सुलेमानचा वजीर, ज्याला त्याच्याच सुलतानाने १५३६ साली मारवलं. तुर्कांनी त्याला आधी ‘मकबूल’, म्हणजे लाडका, म्हटलं आणि नंतर ‘मक्तूल’, म्हणजे ठार केलेला. एका अक्षरात सारं चरित्र. दुसरा १७१८ ते १७३० मधला, सुलतानाचा जावई म्हणून ‘दामाद’ इब्राहीम पाशा. तिसरा इजिप्तच्या महंमद अलीचा सेनापती मुलगा, १८४८ साली वारलेला. दामाद पाशाच्या काळातच तुर्की पुस्तकांचा पहिला छापखाना निघाला, आणि तो काढणाराही इब्राहीमच: हंगेरीकडून आलेला इब्राहीम मुतेफेरिका. त्याचं पहिलं पुस्तक, एक शब्दकोश, १७२९ साली छापून निघालं. शब्दकोशाने छापखाना सुरू करणाऱ्या माणसाविषयी आमच्या धंद्यातल्यांना जरा जास्तच आदर वाटतो.

आधुनिक काळात ‘इब्राहीम’ आडनावासारखा दिसतो, आणि तिथे वर्तमानपत्रांची नेहमी चूक होते. मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहीम. यात अन्वर हे त्यांचं नाव, इब्राहीम हे वडिलांचं. ‘इब्राहीम म्हणाले’ असं लिहिलं की आपण त्यांच्या वडिलांना बोलायला लावतो. त्यात भर म्हणजे जानेवारी २०२४ पासून तिथल्या राजाचं नाव सुलतान इब्राहीम! तेव्हा मलेशियात ‘इब्राहीम म्हणाले’ याचा अर्थ राजा म्हणाला. मालदीवचे माजी अध्यक्ष इब्राहीम मोहम्मद सोलिह यांच्यात मात्र पहिलं नाव खरंच इब्राहीम, नोंद तरीही ‘सोलिह’खाली. फुटबॉलपटू इब्राहिमोविच याच्या नावातला इब्राहीम कुठलासा पूर्वज आहे, ‘इच’ म्हणजे त्याचा वंशज. रशियन कवी पुश्किनचा आफ्रिकी पणजोबा रशियात ‘अब्राम’ झाला आणि पणतवाने कादंबरीत त्याला पुन्हा ‘इब्राहीम’ केलं. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक देशात नाव कसं बांधतात ते पाहून मगच शीर्षनोंद ठरवावी. आपल्याकडे कोकणी मुसलमानांत नाव, बापाचं नाव, आडनाव असा आपलाच क्रम चालतो, तिथे सोपं जातं.

तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात महाराष्ट्रातले म्हणून जे दोघं आलेत, त्यांत गोंधळ नाही. सर इब्राहीम रहिमतुल्ला हे मुंबईचे पुढारी, १९३१ ते १९३३ या काळात मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष, ज्यांच्या नावाचा रस्ता भेंडीबाजाराकडे आहे. आणि इब्राहीम अल्काझी. पुण्यात १९२५ साली जन्मलेले, सौदी व्यापाऱ्याचे चिरंजीव, १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक. व्याकरणाने पाहिलं तर ‘अल्’ हे उपपद सोडून ‘काझी’खाली नोंद व्हायला हवी, जशी झरकालीची ‘झ’खाली. पण त्यांनी आयुष्यभर ते एकच शब्द म्हणून लिहिलं, आणि नाट्यवाले त्यांना ‘अल्काझी’ म्हणूनच ओळखतात. म्हणून ‘अ’खालीच ठेवा. माणसाने हयातीत स्वतःचं नाव कसं लिहिलं, यापुढे आमचं व्याकरण गप्प बसतं.

तुम्ही सहज म्हणून क्रिकेटच्या इब्राहीमबद्दलही विचारलंत. ७ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२९ धावा काढणारा इब्राहीम झदरान. विश्वचषकात अफगाणिस्तानकडून झालेलं ते पहिलं शतक. त्याच दिवशी मॅक्सवेलने नाबाद २०१ काढल्यामुळे लोक ते विसरले. झदरान हे टोळीचं नाव आहे, अफगाण संघात त्याच नावाचे आणखी खेळाडू आहेत, म्हणजे तिथे उलटं: आडनावावरून नव्हे, पहिल्या नावावरून ओळखायचं.

आता राहिला तुमच्या यादीतला सतरावा, ‘इब्राहीम, विजापूरचा सौदागर’, एकाच पानावर एकदाच आलेला. त्याला कोणाशीही जोडू नका. वेगळी नोंद चुकीची ठरली तर पुढच्या आवृत्तीत ‘पाहा’ टाकून दोन मिनिटांत जोडता येते. जोडलेली नोंद सोडवायला पुन्हा सगळं पुस्तक वाचावं लागतं, आणि पोस्टकार्ड येतं ते वेगळंच. ‘इब्राहीम (सौदागर, विजापूर)’, पान क्रमांक, आणि पुढे.